हुकरचं आयुष्य वाचायचंय? मग चरित्र सगळ्यात शेवटी उघडा

वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हुकर म्हटलं की डार्विनचा मित्र आणि लंडनच्या क्यू गार्डन्स या प्रसिद्ध वनस्पती उद्यानाचा डायरेक्टर, एवढ्यावरच आपली गाडी थांबते. ज्याला जास्त वाचायचं असतं तो सरळ लिओनार्ड हक्सलीचं १९१८ सालचं दोन खंडी चरित्र उघडतो आणि शंभरेक पानांत दमतो. चरित्र वाईट नाहीये, पण ते हुकरची दुसरी बायको हायसिंथ हिने जमवून ठेवलेल्या कागदांवर उभं आहे, आणि नवऱ्याचे कागद बायकोने लावले की काय पुढे येणार आणि काय मागे राहणार हे सांगायला नको. म्हणून ते शेवटी. आधी पत्रं, वाळवलेल्या झाडांच्या शीट्स आणि त्याची स्वतःची पुस्तकं, यातलं बरंच काही आता ऑनलाइन फुकटात बघायला मिळतं.

पहिलं काम, एक साधी एक्सेल शीट काढा आणि दोन कॉलम करा, डावीकडे काम, उजवीकडे घर. दोन्हीकडे तारखा टाकत जायचं, बस. सुरुवातीचा सांगाडा देतो. जन्म ३० जून १८१७, हेल्सवर्थ, सफोक. १८३९ ला ग्लासगोहून डॉक्टरी पास आणि त्याच वर्षी रॉसच्या अंटार्क्टिक मोहिमेत इरेबस जहाजावर असिस्टंट सर्जन, परत आला १८४३ ला. १८४७ च्या शेवटी हिमालयाकडे निघाला तो १८५१ ला परत. १८५५ ला क्यूमध्ये असिस्टंट डायरेक्टर, वर डायरेक्टर कोण तर स्वतःचे वडील, सर विल्यम हुकर. ते १८६५ ला गेले आणि खुर्ची मुलाकडे आली, ती १८८५ पर्यंत. मृत्यू १० डिसेंबर १९११. हे सगळं डावीकडचं झालं. आता उजवीकडे लिहा की १८४७ ला निघायच्या आधीच फ्रान्सेस हेन्स्लोशी लग्न ठरलेलं होतं, ती डार्विनच्या गुरूंची, म्हणजे केंब्रिजच्या हेन्स्लोंची मुलगी, आणि लग्न लागलं तो परत आल्यावर १८५१ मध्ये. म्हणजे सिक्कीमच्या ज्या थरारक गोष्टी आपण वाचतो त्या सगळ्या काळात इंग्लंडमध्ये एक मुलगी वाट बघत बसलेली आहे. दोन कॉलम शेजारी ठेवल्याशिवाय हे डोक्यात येत नाही.

मग पत्रांकडे वळा. डार्विन आणि हुकर यांच्यात मिळून जवळपास १४०० पत्रं झाली आणि ती केंब्रिजच्या डार्विन करस्पॉन्डन्स प्रोजेक्टच्या साइटवर टाइप केलेली मिळतात, टिपांसकट. सगळी वाचायला बसू नका, वेड लागेल. एक वर्ष पकडा आणि तेवढंच सलग वाचा, माझ्या मते सुरुवातीला १८६३ घ्यावं. त्या वर्षी हुकरचा वेलविचियावरचा मोठा निबंध छापून आला, आफ्रिकेच्या नैऋत्येच्या वाळवंटातलं ते दोनच पानांचं विचित्र झाड, ती दोन पानं आयुष्यभर वाढत राहतात. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंथमबरोबर लिहिलेला जेनेरा प्लँटारम हा वनस्पतींच्या प्रजातींवरचा अवाढव्य ग्रंथ आदल्या वर्षीच छापायला लागलेला, तो संपायला १८८३ उजाडलं. पत्रांत हेच सगळं चालू असतं, बिया, ऑर्किड, कोणाची टर उडवणं, आणि मग २८ सप्टेंबरचं पत्र येतं. त्याची सहा वर्षांची मुलगी मिनी तासाभरापूर्वी गेली असं तो डार्विनला कळवतो, आणि या दुःखात इतर कुठल्याही मित्रापेक्षा तुझीच जास्त आठवण येते असं लिहितो. का, ते टिपा बघितल्या की कळतं, डार्विनची दहा वर्षांची ॲनी १८५१ ला गेलेली होती. आता त्या पत्रानंतरचे दोनतीन महिने वाचा. झाडं कुठे परत येतात, मिनी कुठे मध्येच डोकावते, ते स्वतः बघा, यावर चरित्रातली चार पानं वाचून ते कळणार नाही.

पत्रं वाचताना दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक तर तारीख. बरीच पत्रं नुसती वार टाकून लिहिलेली असतात, तारीख संपादकांनी अंदाजाने चौकटी कंसात दिलेली असते, तेव्हा कंस दिसला की तुमच्या शीटमध्ये प्रश्नचिन्ह टाका. दुसरं म्हणजे माणूस स्वतःच्या पत्रात स्वतःच हिरो असतो. ३० जून १८६० ला ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्सबरोबर उत्क्रांतीवरून जी गाजलेली खडाजंगी झाली (हुकरचा त्या दिवशी वाढदिवस होता हे कोणी सांगत नाही), तिचं वर्णन त्याने दोन दिवसांनी डार्विनला पाठवलं, आणि त्यात बिशपला खरा लोळवला तो हुकरनेच. बाकी जग श्रेय हक्सलीला देतं, म्हणजे डार्विनचा दुसरा पाठीराखा थॉमस हक्सलीला, वर सांगितलेलं चरित्र लिहिणारा लिओनार्ड हा त्याचा मुलगा. मला हुकरचं बरंचसं पटतं, पण म्हणून एका पत्रावर विसंबू नका.

आता शीट्स. क्यूच्या हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाच्या, ऑनलाइन कॅटलॉगमध्ये जा आणि ऱ्होडोडेंड्रॉन (हिमालयातलं एक फुलझाड), सिक्कीम, हुकर असं शोधा. शीट म्हणजे जाड कागदावर चिकटवलेली वाळकी फांदी, पानं तपकिरी पडलेली, कोपऱ्यात लेबल. सिक्कीमच्या कित्येक शीट्सवर छापील लेबल साधारण असं असतं: 'हर्ब. इंड. ओर. हुक. फिल. अँड थॉमसन', खाली 'हॅब. सिक्कीम', मग 'रेजिओ टेम्प.', मग उंची, समजा १० ते १२००० 'पेड.' (म्हणजे दहा ते बारा हजार), आणि शेवटी 'कॉल. जे.डी.एच.'. हे लॅटिन आहे, घाबरायचं काम नाही. फिल. म्हणजे मुलगा, कारण नुसतं हुकर म्हटलं तर वडील, म्हणून झाडांच्या नावापुढे आजही या हुकरसाठी 'हुक.एफ.' लागतं. आख्ख्या करिअरभर नावाला बापाची शेपूट. हर्ब. इंड. ओर. म्हणजे ईस्ट इंडियाचा हर्बेरियम, हॅब. म्हणजे झाड कुठलं ते, रेजिओ टेम्प. म्हणजे समशीतोष्ण पट्टा, पेड. म्हणजे फूट, कॉल. म्हणजे गोळा करणारा.

पण लेबलवर जे नाही ते जास्त बघा. त्यावर बहुतेक वेळा तारीख नसते, आणि गोळा करणारा म्हणून जे.डी.एच. सोडून कोणी नसतं. प्रत्यक्षात झाडांवर चढणारे, कागद वाळवणारे, ओझी वाहणारे लेपचा आणि इतर स्थानिक लोक होते, हुकरने आपल्या हिमालयन जर्नल्समध्ये (१८५४, डार्विनला अर्पण) लेपचांचं भरभरून कौतुकही केलंय. पुस्तकात कौतुक आणि लेबलवर फक्त स्वतःची आद्याक्षरं! म्हणून शीट आणि जर्नल दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं, जागा आणि उंचीवरून साधारण कुठला महिना असेल तेही जर्नलवरून काढता येतं. नोव्हेंबर १८४९ ला सिक्कीम दरबाराने त्याला आणि दार्जिलिंगचा इंग्रज अधिकारी कॅम्पबेल याला पकडून ठेवलं, डिसेंबरअखेर सुटले, आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी सिक्कीमचा दक्षिणेकडचा भाग गिळला. जर्नलमध्ये ही अटक फार अन्यायाची वाटते, पण दरबाराची बाजू तिथे मिळणार नाही हे धरून चला.

आता मला सगळ्यात आवडणारी युक्ती. त्याने झाडांना दिलेली नावं आणि पोरांना दिलेली नावं शेजारी लिहा. दार्जिलिंगला ज्याच्या घरी तो राहिला तो ब्रायन हॉजसन, त्याच्या नावाने ऱ्होडोडेंड्रॉन हॉजसनी. आणि १८६० ला झालेल्या मुलाचं नाव ब्रायन हार्वे हॉजसन हुकर. थोरल्या मुलाच्या नावात सासऱ्यांचं हेन्स्लो, वडिलांचं विल्यम. ग्लासगोपासूनचा दोस्त थॉमसन, त्याचं ऱ्होडोडेंड्रॉन थॉमसनी. ही यादी झाली की कोणाचे उपकार होते, कोणाशी जिव्हाळा होता हे अर्ध्या तासात समजतं.

बायकांसाठी मात्र टायटल पेज आणि चित्रांखालच्या सह्या बघाव्या लागतात, मजकुरात त्या फारशा येत नाहीत. १८७३ ला फ्रेंचमधून इंग्रजीत आलेलं वनस्पतिशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक आहे, भाषांतर 'मिसेस हुकर', बस एवढंच, म्हणजे फ्रान्सेस. पुढच्याच वर्षी ती गेली, हुकर तेव्हा रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता. १८७७ ला पैशांवरून बिनसलं आणि इतकी वर्षं चित्रं काढणारा फिच, हुकर संपादक असलेलं बोटॅनिकल मॅगझिन सोडून गेला, तर मासिक वाचवलं कोणी? थोरली मुलगी हॅरिएट आणि नात्यातली मॅटिल्डा स्मिथ यांनी. हॅरिएटने त्याच १८७७ ला थिसल्टन-डायरशी लग्न केलं, आणि हुकर १८८५ ला रिटायर झाल्यावर क्यूचा डायरेक्टर झाला तो हाच जावई. वडील, मुलगा, जावई. इथे आलात की तुमचे दोन कॉलम एकमेकांत मिसळलेले असतील, ते वेगळे करत बसू नका.

१८८२ ला डार्विन गेला की पत्रांचा तो सोपा झरा आटतो, पुढचं क्यूने हुकरच्या पत्रांचा जो प्रोजेक्ट केलाय त्यात शोधायचं. तिथे टाइप केलेली प्रत असेल तर आधी तीच उघडा. फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडियाचे सात खंड १८७२ ते १८९७ चालले आणि त्यानंतर नव्वदीत पोचला तरी म्हातारा इम्पेशन्सवर, म्हणजे तेरड्याच्या कुळावर, काम करत होता, त्याची वाळलेली नाजूक फुलं उकडून उलगडायची म्हणजे काय वैताग असतो ते हर्बेरियमवाल्यांना विचारा. या काळातली पत्रं बघताना शोधायला 'इम्पेशन्स' हाच शब्द टाका, जवळचं काही सापडलं तर त्यातूनच सापडेल. आणि आता हक्सलीचे ते दोन खंड काढा, तुमच्या शीटमधली प्रश्नचिन्हं घेऊन बसा, आणि जिथे चरित्र गप्प आहे तिथे लाल खूण करा.