चाफ्याची फांदी बुडातून काळी पडून कुजते? माझा अनुभव

लक्षण: देवचाफ्याची फांदी लावली की तीन आठवड्यांत बूड काळं, मऊ, दाबलं की पाणी. पावसाळ्यात तीन फांद्या गेल्या. शेणखत वाढवलं, रोज पाणी घातलं, तर आणखी लवकर कुजल्या. वैताग आला होता.

जमलं ते असं. मार्चमध्ये, झाड निष्पर्ण असताना, राखाडी सालीची जून फांदी हातभर कापली. हिरवं कोवळं टोक नको. चीक पुसला (डोळ्यांत जाऊ देऊ नका) आणि फांदी सावलीत बारा दिवस आडवी ठेवली, काप कोरडा, टणक होईपर्यंत. मग भोकं असलेल्या कुंडीत अर्धी जाड वाळू, अर्धी माती. फांदी चार बोटं खोल, काठीला बांधून. पाणी एकदाच. पुढे पानं फुटेपर्यंत माती वाळलेलीच ठेवली. पानं आली म्हणजे मुळं आली असं नाही, ती फांदीतल्या साठ्यावरही फुटतात; उपटून बघू नका.

टोकदार पानांचा लाल चाफा याच रीतीने लागला. गोल टोकाच्या पानांचा पांढरा चाफा हिवाळ्यातही पानं धरून ठेवतो, त्याची पानं आधी छाटा. चमच्यासारख्या पानांचा नागचाफा मात्र एवढे लाड मागत नाही.