जांभ्या मातीत बॉक्सवुड टिकवताना

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि बॉक्सवुडला, म्हणजे कातरून कुंपणासारखं वाढवायच्या त्या सदाहरित झुडपाला, नेमकं हेच नको असतं. श्रावणापर्यंत पाखाडीलगतची आमची झुडपं पिवळी पडून फांद्या वाळायला लागल्या. माळीकाका म्हणाले, "खत कमी पडतंय." एक झाड उपटून पाहिलं, तर मुळं काळी, साल चिमटीत सुटून येणारी. पाणी साचून झालेली मूळकूज ही. खताने काय होणार?

सडलेली काढून टाकली. उरलेल्यांसाठी चिरे लावून वीतभर उंच वाफा केला, त्यात वाळू नि कुजलेलं शेणखत. बुंधा मातीच्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवला. जांभी माती आम्ल. बॉक्सवुडला मातीचा सामू (pH) 6.5 ते 7 मानवतो, म्हणून माती तपासून थोडा चुना टाकला. मुळं अगदी वरवर पसरतात, त्यामुळे खुरपणी बंद. पाचोळा अंथरतो, पण खोडापासून लांब.

आता नुसतं वरवर कातरत नाही, आतल्या काही फांद्याही काढतो, वारा खेळायला हवा. पुढच्या पावसात पालवी हिरवी राहिली. पश्चिमेच्या भर उन्हात मात्र सरळ कामिनी लावली. तीही सदाहरित, शिवाय फुलांना वास.