ऑक्सिजनचं प्रेशर रात्री दोनला पडतं तेव्हा: मॅनिफोल्ड रूममधल्या या चुका टाळा

आमच्या शंभर खाटांच्या हॉस्पिटलात मी गॅस मॅनिफोल्ड बघतो, म्हणजे सिलेंडर एकत्र जोडून पाईपलाईनने वॉर्डात गॅस पुरवणारी यंत्रणा. एका नाईटला सिस्टरचा फोन आला, "दादा, आयसीयूतला अलार्म वाजतोय, प्रेशर कमी दाखवतंय." पळत खाली गेलो तर डावी बँक (एकत्र जोडलेल्या सिलेंडरची रांग) रिकामी, उजव्या बँकेला आठ जंबो (मोठे सिलेंडर) जोडलेले, सगळे भरलेले, तरी लाईनला काही जात नाही. कारण काय तर उजव्या बाजूच्या सगळ्या सिलेंडरचे वॉल्व्ह बंद! दुपारच्या पोराला कुठल्यातरी पिगटेलमधून (सिलेंडर जोडायच्या नळीतून) फुस्स आवाज आला म्हणून त्याने ‘गॅस वाया नको’ असा विचार करून सगळे बंद केले आणि कुणाला सांगितलंच नाही. ऑटोमॅटिक चेंजओव्हर पॅनल बिचारं आपोआप दुसऱ्या बँकेवर गेलं, पण तिथे त्याच्यासाठी उघडं काहीच नव्हतं. रिझर्व्ह बँकेचे वॉल्व्ह उघडेच हवेत. गळती असेल तर तेवढा एकच सिलेंडर काढा, वॉशर बदला, आणि रजिस्टरला लिहा.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. ड्यूटीवर आलो की सिलेंडर मोजत नाही, किती तास पुरेल ते मोजतो. जंबोत साधारण ७ घनमीटर म्हणजे ७,००० लिटर गॅस, आणि एक हाय फ्लोवाला (नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या मशीनवरचा) पेशंट मिनिटाला ६० लिटर शुद्ध ऑक्सिजन ओढत असेल तर एक जंबो दोन तासही पुरत नाही. ‘आठ आहेत, भरपूर आहेत’ हे वाक्य वॉर्डात दोन पेशंट साध्या नेझल प्राँगवर (नाकातल्या नळीवर) असताना ठीक, तीन हाय फ्लो लागले की आठ जंबोंचे जेमतेम पाच तास होतात. पेशंट हलवायच्या छोट्या बी टाईप सिलेंडरचा हिशोब तर तोंडपाठ हवा: सिलेंडर १० लिटरचा, गेजवर १०० बार (दाबाचं माप) दिसतंय म्हणजे अंदाजे १,००० लिटर, १० लिटरने चालवलात तर शंभर मिनिटं, आणि त्यातलीही शेवटची वीस-पंचवीस धरायचीच नाहीत कारण लिफ्ट अडकते आणि सीटीला नंबर लागत नाही.

पण हाच हिशोब नायट्रसला (भूल देताना वापरतात तो नायट्रस ऑक्साईड) लावाल तर फसाल. नायट्रस सिलेंडरमध्ये द्रवरूपात असतो, त्यामुळे द्रव संपेपर्यंत गेज ५० बारच्या आसपासच राहतो, आणि मग धाडकन खाली येतो. ओटीतल्या एका नवीन टेक्निशियनने मला ‘आत्ताच तर फुल होता’ असं शपथेवर सांगितलं होतं, त्याची चूक नाही, गेज तसाच दाखवतो. नायट्रस वजनावर बघा, रिकामं वजन सिलेंडरवर ठोकलेलं असतं.

आता रात्री फोन आला तर काय बघायचं. आधी विचारा, एकाच वॉर्डात आहे की सगळीकडे? एकाच वॉर्डात असेल तर मॅनिफोल्डकडे पळू नका, त्या वॉर्डाचा एरिया वॉल्व्ह बॉक्स (तेवढ्या वॉर्डाची लाईन बंद-चालू करायचा) बघा, साफसफाईवाल्यांचा किंवा रंगाऱ्याचा हात लागून अर्धा फिरलेला मी दोनदा पाहिलाय. एकाच बेडला असेल तर नव्वद टक्के वेळा (हा माझा अंदाज बरं का) ह्युमिडिफायरची बाटली (ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची). झाकण तिरकं बसलेलं असतं, बुडबुडे मस्त दिसतात, फ्लोमीटरची गोळी दहावर असते, आणि गॅस झाकणातून बाहेर. पुढची नळी चिमटीत दाबून बघा, बाटलीला सेफ्टी वॉल्व्ह असेल तर शिट्टी वाजली पाहिजे, वाजली नाही तर गॅस झाकणातून निसटतोय. आणि सगळीकडेच प्रेशर पडलं असेल तर मात्र मेन लाईन बघा, जी साधारण ४ बारवर असते.

लिक्विड ऑक्सिजनची टाकी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या झाकीर हुसेन हॉस्पिटलात ऑक्सिजनचा साठाच नव्हता असं नाही, टाकीपाशीच गळती झाली, वॉर्डातलं प्रेशर पडलं आणि किमान २२ जण गेले. म्हणून टाकी सोडून वेगळ्या वाटेने लाईनला जोडलेली सिलेंडरची बँक हवी, आणि महिन्यातून एकदा मुद्दाम त्या बँकेवर चालवून बघायची. आमच्याकडे पहिल्यांदा केलं तेव्हा नॉन-रिटर्न वॉल्व्ह (गॅस उलटा जाऊ न देणारा) जाम निघाला.

तेल, ग्रीस, व्हॅसलीन ऑक्सिजनच्या जवळ नको हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी वॉल्व्ह घट्ट झाला की कोणीतरी मशीन ऑईलचा डबा घेऊन येतोच. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेट घेऊ शकतं. वॉल्व्ह हाताने हळू उघडायचा, झटक्यात नाही. गळती शोधायला ऑक्सिजनला चालणारा लीक स्प्रे वापरायचा, काडी पेटवून बघणारे महाभाग पण या फील्डमध्ये आहेत, सांगून ठेवतो.

पिन इंडेक्स (चुकीचा सिलेंडर लागू नये म्हणून ठेवलेली पिना आणि भोकांची जुळणी) बसत नाही म्हणून दोन वॉशर घालणं, हा तर गुन्हाच. ऑक्सिजनच्या पिना २ आणि ५ वर, नायट्रसच्या ३ आणि ५ वर, त्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात. बसत नाही म्हणजे तुमच्या हातात चुकीचा सिलेंडर आहे. रंग बघा: ऑक्सिजन काळा अंग पांढरा खांदा, नायट्रस निळा. पण रंग उडतो, लेबल वाचा.

आणि एक, पाईपलाईनचं काम झालं की प्रत्येक आउटलेटला ऑक्सिजन अॅनालायझर लावल्याशिवाय पेशंट लावू देऊ नका, ठेकेदार कितीही ‘झालं साहेब’ म्हणू दे. ओटीत ऑक्सिजनच्या जागी दुसरंच काही येतंय अशी शंका आली तर मशीनवरचा सिलेंडर उघडणं पुरेसं नाही, पाईपलाईनचा होज भिंतीवरून काढा, कारण पाईपलाईनचं प्रेशर सिलेंडरच्या रेग्युलेटरपेक्षा जास्त ठेवलेलं असतं आणि मशीन पाईपलाईनमधलाच गॅस घेत राहतं. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम दर नवीन पोराकडून हे होज काढायचं काम डोळे मिटून करून घेतात.