क्लाऊन ट्रिगरफिश नव्या माशाला टिकू देत नसेल तर: माझा अनुभव

वाशीतील घरच्या १००० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत माझा क्लाऊन ट्रिगरफिश (हा भांडखोर समुद्री मासा) नव्या टँगची (शेवाळ खाणाऱ्या समुद्री माशाची) शेपटी कुरतडत असे. त्याचे लक्ष वळवायला आरसा लावणे, जादा खाद्य देणे, दिवे मंद करणे, सारे व्यर्थ गेले; तो जखमी मासा पाहवत नसे.

अखेर ट्रिगरला डब्यातून (जाळीत त्याचा पाठीचा काटा अडकतो) दुसऱ्या टाकीत हलवले, जुना इलाका ओळखू येऊ नये म्हणून त्याची झोपण्याची कपार मोडून सर्व खडक नव्याने रचले, बरा झालेला टँग आधी सोडला आणि ४ दिवसांनी ट्रिगरला छिद्रे पाडलेल्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या पडद्यामागे आणले. पुढे १० दिवस दोघांना एकाच वेळी खाद्य दिले, ट्रिगरला कवचासकट तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) आणि टँगला समुद्री शेवाळ. ट्रिगर पडद्याला धडकेनासा झाल्यावरच, रात्री दिवे मालवून, पडदा काढला.