आयटी सर्टिफिकेशन निवडताना आधी काम ठरवा, मग परीक्षा

‘कोणतं सर्टिफिकेशन करू?’ असं नवे सहकारी विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी एकच विचारते: दोन वर्षांनी कामावर आल्यावर तुमच्या हातात कोणतं काम असावं असं वाटतं? राउटर आणि स्विच, क्लाउडवरचे सर्व्हर, सुरक्षा, की माणसं आणि वेळापत्रक सांभाळणं? याचं उत्तर मिळालं की निम्मी नावं आपोआप गळून पडतात. मित्राने केलं म्हणून आपण करायचं, यात पैसे जातात आणि सहा महिन्यांच्या संध्याकाळीही जातात.

उत्तर सापडलं की एक वही घ्या आणि त्या पदाच्या निदान वीस जाहिराती वाचा. कोणत्या सर्टिफिकेशनचं नाव किती वेळा आलं, त्याच्या रेघा ओढा. ‘अनिवार्य’ आणि ‘असल्यास प्राधान्य’ यांचे रकाने वेगळे ठेवा. सोबत कौशल्यंही टिपा, कारण कित्येकदा जाहिरातीत सर्टिफिकेशनचं नावच नसतं. तिथे लिनक्स येतं का, पायथन येतं का, एवढंच विचारलेलं असतं.

मग अटी तपासा. सायबर सुरक्षेचं सीआयएसएसपी ऐकायला भारदस्त वाटतं, पण त्यासाठी सुरक्षेच्या आठपैकी किमान दोन क्षेत्रांत मिळून पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. योग्य पदवी असेल तर त्यातलं एक वर्ष माफ होतं. अनुभवाआधी परीक्षा देता येते, पण पास होऊनही अनुभव पूर्ण होईपर्यंत तुम्ही ‘असोसिएट’च राहता, म्हणजे पूर्ण सर्टिफिकेशन मिळत नाही. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पीएमपीलाही पदवीधराला प्रकल्प चालवल्याचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. नोकरीच्या सुरुवातीला ए प्लस (संगणक दुरुस्ती आणि मदत), सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा), सिक्युरिटी प्लस (सुरक्षेची मूलभूत परीक्षा) किंवा एखाद्या क्लाउडची पायाभूत परीक्षा बरी. यांना अशी अट नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. परीक्षा घेणारी संस्था अभ्यासक्रमाची अधिकृत यादी मोफत देते. ती उतरवून घ्या आणि प्रत्येक मुद्द्यापुढे ‘येतं’, ‘ऐकलंय’, ‘माहीत नाही’ यांपैकी एक लिहा. ‘येतं’ लिहिताना स्वतःची परीक्षा घ्या. सीसीएनएच्या यादीत सबनेटिंग आहे, म्हणजे मोठं नेटवर्क लहान भागांत वाटणं. मग कागदावर १९२.१६८.१०.७७/२६ हा पत्ता लिहा आणि तो कोणत्या नेटवर्कमध्ये बसतो ते काढा. /२६ म्हणजे ६४-६४ पत्त्यांचे गट, म्हणून हा गट ६४ ते १२७ चा. ६४ हा नेटवर्कचा पत्ता, १२७ ब्रॉडकास्टचा (गटातल्या सगळ्यांना एकदम संदेश पाठवायचा), वापरायला उरले ६२. हे मिनिटाभरात कागदावर उतरलं तर ‘येतं’, नाहीतर ‘ऐकलंय’. सगळी यादी ‘येतं’ने भरली तर ती परीक्षा तुम्हाला फार काही शिकवणार नाही, वरची पाहा. निम्म्याहून जास्त मुद्दे ‘माहीत नाही’त गेले तर एक पायरी खाली उतरा.

परीक्षा कशी घेतात, तेही पाहा. मला हाताने काम करून दाखवायच्या परीक्षा जास्त मोलाच्या वाटतात. रेड हॅटची लिनक्सवरची आरएचसीएसए तशी आहे, कुबरनेटिसची सीकेएही तशीच. कुबरनेटिस म्हणजे अनेक सर्व्हरवर प्रोग्राम चालवून सांभाळणारी प्रणाली. सीकेएत दोन तास, समोर टर्मिनल आणि मोडलेलं क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरचा गट, असतं. कुबरनेटिसची अधिकृत कागदपत्रं उघडी ठेवता येतात, पण ती वाचत बसायला वेळ नसतो. समजा पॉड, म्हणजे प्रोग्राम जिथे चालतो तो घटक, नीट चालू आहे आणि त्याच्यापर्यंत विनंत्या पोहोचवणारी सर्व्हिस मात्र उत्तर देत नाही. एंडपॉइंट, म्हणजे सर्व्हिसला सापडलेल्या पॉडची यादी, रिकामे दिसतात, आणि शोधता शोधता कळतं की पॉडवरचं लेबल आणि ते शोधणारा सर्व्हिसचा सिलेक्टर यांच्यात एका अक्षराचा फरक आहे. कामावर रात्री फोन येतो तो अशाच गोष्टीसाठी.

मुदतीचा हिशेब आधीच करा. सिस्को, कॉम्प्टिया (ए प्लस आणि सिक्युरिटी प्लसवाली संस्था) आणि एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) यांची बहुतेक सर्टिफिकेशनं तीन वर्षं चालतात, सीकेए दोन. मायक्रोसॉफ्टची असोसिएट (मधल्या) पातळीची वर्षभरच, पण नूतनीकरण ऑनलाइन आणि मोफत होतं. तीन-चार सर्टिफिकेशनं एकदम गोळा केली तर ती जिवंत ठेवण्यातच वर्ष निघून जातं. पुस्तक घेण्याआधी परीक्षेचा कोडही जुळवा. सिक्युरिटी प्लसची एसवाय०-७०१ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली आणि २०२४ मध्ये आधीची ६०१ बंद झाली. जुनी पुस्तकं मात्र अजून हातोहात फिरतात.

फुटलेल्या प्रश्नांचे संच, ज्यांना ‘डम्प’ म्हणतात, त्यांना हात लावू नका. पकडले गेलात तर सर्टिफिकेशन रद्द होतं. मी घेतलेल्या एका मुलाखतीत उमेदवाराकडे तीन सर्टिफिकेशनं होती. मी वरचाच सबनेटचा प्रश्न विचारला. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि मग हळूच म्हणाला, “मॅडम, पर्याय असते तर सांगितलं असतं.” त्याच्या मेहनतीचं मला फार वाईट वाटलं, कारण एवढा वेळ त्याने सरावाला दिला असता तर ते काम त्याला नक्की आलं असतं.

एवढं झाल्यावर तारीख घ्या. ‘तयारी झाली की घेऊ’ म्हणणाऱ्यांची परीक्षा पुढेच सरकत जाते. दोन-तीन महिन्यांनंतरचा दिवस ठरवा आणि रोज तासभर प्रत्यक्ष सराव करा. क्लाउडचं मोफत खातं वापरणार असाल तर खर्चाची सूचना देणारा अलर्ट पहिल्याच दिवशी लावा. नापास झालात तर निकालपत्रावर कोणत्या भागात कमी पडलात ते सहसा दिसतं. सीसीएनए पाच दिवसांनी पुन्हा देता येते, एडब्ल्यूएसची चौदा दिवसांनी. तोवर जुनी यादी काढा आणि त्या भागापुढे लिहिलेलं ‘येतं’ खोडून सराव तिथून सुरू करा.