न्यूयॉर्क एका दिवसात: आधी फेरी, मग पूल

सकाळी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाचा फेरीबोटींचा धक्का, व्हाइटहॉल टर्मिनल, गाठा. स्टेटन आयलंड फेरी पूर्ण फुकट आहे, त्यामुळे बाहेर कुणी तिकीट विकायला आला तर थांबूच नका. बोटीत उजवा कठडा धरा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा तिकडूनच दिसतो. पुतळ्याच्या बेटावर मात्र ही बोट थांबत नाही. २५ मिनिटांनी स्टेटन आयलंडला सगळ्यांना उतरावंच लागतं. लगेच परतीच्या रांगेत लागा. येताना डावी बाजू.

दुपारी सबवेच्या (भुयारी रेल्वेच्या) ‘ए’ किंवा ‘सी’ गाडीने ब्रुकलिनमधल्या हाय स्ट्रीट स्टेशनला उतरा आणि १८८३चा ब्रुकलिन पूल मॅनहॅटनच्या दिशेने चाला. पायाखाली लाकडी फळ्या, समोर उंच इमारती. उलट निघालात तर हे दृश्य पाठीमागे राहतं.

सबवेत कार्ड टेकवण्याआधी पाटीवर ‘अपटाउन’ (उत्तरेकडे) की ‘डाउनटाउन’ (दक्षिणेकडे) ते वाचा. काही स्टेशनांत आतून पलीकडच्या, उलट दिशेच्या फलाटावर जाता येत नाही, पुन्हा पैसे पडतात.