गाडीच्या पत्र्यावर वेल्डिंग शिकताना या चुका टाळा

गाडीच्या बॉडीचा पत्रा साधारणपणे 0.7 ते 0.8 मिलिमीटर जाडीचा असतो, आणि नवशिक्यांच्या बहुतेक चुका हा आकडा विसरल्यामुळेच होतात. लोखंडी गेट जोडायची 3.15 मिलिमीटरची रॉड घेऊन दाराखालच्या गंजलेल्या पत्र्याला हात घातला, तर पहिल्याच टाक्याला भोक पडते आणि ते बुजवण्याच्या नादात मोठे होत जाते. या कामासाठी 0.6 किंवा 0.8 मिलिमीटर वायरचे मिग मशीनच योग्य; त्यात रॉडऐवजी बारीक वायर आपोआप पुढे सरकते आणि वितळलेल्या धातूभोवती गॅसचे आवरण राहते.

भोक पडत असेल तर करंट कमी करण्याआधी कडा तपासाव्यात, कारण वरून चांगला दिसणारा पत्रा गंजाने आतून कागदासारखा झालेला असू शकतो. अशा पत्र्यावर कोणतेही सेटिंग चालत नाही; चांगला, जाड पत्रा लागेपर्यंत कापत जावे आणि मगच ठिगळ बसवावे. जोडामागे तांब्याची पट्टी धरल्यास ती उष्णता शोषून घेते आणि स्वतः सहसा चिकटत नाही.

पत्रा वाकणे ही दुसरी तक्रार. सलग रेघ ओढण्याचा मोह आवरून आधी दोन-अडीच सेंटिमीटर अंतरावर टाके मारावेत, मग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला असे मधले टाके भरावेत, आणि प्रत्येक भाग हात लावण्याइतका निवल्याशिवाय पुढे जाऊ नये. घाईने पाणी ओतून थंड केल्यास पत्रा आणखी ओढला जातो.

जोडावर बारीक छिद्रे दिसत असतील, तर नागपूरकरांनी मे महिन्यात सर्वप्रथम कूलरकडे पाहावे. पारा 45 अंशांकडे सरकला की गॅरेजमध्ये कूलर सुरू ठेवणे स्वाभाविक आहे, पण त्याचा झोत वितळलेल्या धातूभोवतीचे गॅसचे आवरण उडवून लावतो, आणि मग गॅस कितीही वाढवला तरी उपयोग होत नाही. कूलर बंद करूनही छिद्रे राहिली, तर रंग, तेल किंवा गंज नीट खरवडला गेलेला नाही असे समजावे. उन्हाळ्यातली दुसरी अडचण म्हणजे घामाने ओले झालेले हातमोजे. विजेच्या धक्क्याचा धोका त्यामुळे वाढतो, म्हणून कोरडी जोडी जवळ असू द्यावी.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा पांढरा धूर सोडतो आणि तो छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, त्यामुळे जोडाजवळचा मुलामा आधी घासून काढावा आणि काम मोकळ्या हवेत, पण वाऱ्याच्या आडोशाला करावे.

सुरुवातीपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी आणि अर्थचा (करंट मशीनकडे परत नेणारा) चिमटा जोडाच्या अगदी जवळ, घासून चकचकीत केलेल्या जागी लावावा. लांब लावल्यास करंट बेअरिंगमधून किंवा इलेक्ट्रॉनिक्समधून वाट काढू शकतो. चॅसिस (गाडीचा मुख्य सांगाडा) आणि सीटबेल्टच्या जोडण्या मात्र शिकाऊ हातांसाठी नाहीत. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिच्या वाफा पेट घेतात, म्हणून टाकीजवळ काम असल्यास ती आधी उतरवून दूर ठेवावी, आणि टाकीचीच दुरुस्ती असेल तर त्या कामाच्या जाणकाराकडे द्यावी.